"आम्ही कष्टाने वर आलो" म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास वाचायलाच हवा

रानवारा
फेब्रुवारी आला की इथल्या शाळांत कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवतात, आणि आपल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर तीच कुरकुर सुरू होते: "आमच्या मुलांना हे कशाला? आम्ही दोन बॅगा घेऊन आलो, स्वतःच्या कष्टाने वर आलो." कष्ट खरेच आहेत. पण त्या बॅगा घेऊन इथे उतरता आलं ते कोणामुळे?

१९२३ साली भारतातून आलेल्या भगतसिंग थिंद यांचं नागरिकत्वाचं प्रकरण इथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. आपण उच्चवर्णीय आर्य, म्हणजे गोरेच, असा त्यांचा दावा होता. न्यायालयाने तो फेटाळला आणि पुढे आधीच नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेतलं गेलं. १९४६ नंतरसुद्धा भारतातून इथे स्थायिक व्हायला येणाऱ्यांचा कोटा वर्षाला जेमतेम १०० माणसांचा. तो मोडला १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. त्याच वर्षी मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांना पोलिसांनी लाठ्यांनी झोडपलं, ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला आणि ऑक्टोबरमध्ये आपल्यासाठी दार उघडलं. वंशावरून माणसाला बाहेर ठेवायची या देशाला लाज वाटायला लागली, ती त्या लोकांनी मार खाल्ला म्हणून.

न्यूजर्सीकर
ताई, कायद्याचं मान्य. पण गुलामगिरी १८६५ लाच संपली. आपल्यातल्या कोणी गुलाम ठेवले नव्हते, मग पोरांच्या डोक्यावर हे ओझं का? आयरिश आले, इटालियन आले, हाल सोसले आणि पुढे गेले. आणि खरं सांगतो, माझ्या मुलीला पत्री सरकार माहीत नाही, सावित्रीबाई धड माहीत नाहीत. आधी आपलं बघूया.

रानवारा
"१८६५ ला संपली" इथेच घोळ होतो, दादा. डेट्रॉइटमध्ये सहा फूट उंच, अर्धा मैल लांब अशी एक भिंत आहे. १९४१ साली एका बिल्डरला कृष्णवर्णीय वस्तीला लागून गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. वस्ती इतकी जवळ म्हणून गृहकर्जाला सरकारी हमी मिळेना. त्याने मध्ये ही भिंत घातली आणि हमी मिळाली. भिंत अजून उभी आहे, तिच्या काही भागावर आता चित्रं रंगवलेली आहेत.

आयरिश आणि इटालियन लोकांच्या वस्तीला अशी भिंत घातली नव्हती. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या लेव्हिटटाउन या नव्या वसाहतीत १९४७ पासून दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरं मिळाली. त्याच युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकाला करारातल्या अटीनेच बाहेर ठेवलं. घर घेताना असा भेदभाव करणं देशभर बेकायदा ठरलं ते १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात. तोवर एका घरात आजोबांच्या नावावर घर होतं, दुसऱ्या घरात भाड्याच्या पावत्या. नातवंडांच्या कॉलेजची फी कुठून येणार, हे तिथेच ठरलं.

तिसरी घंटा
मी इथे शाळेत शिकवते. रानवारा यांचं पटतं, तरी "त्यांच्यामुळे आपल्याला व्हिसा मिळाला" म्हणून तो इतिहास वाचायचा हे मला खटकतं. त्यात ती माणसं पुन्हा आपल्या उपयोगाची ठरतात. आणि वर्गात नुसते चाबूक आणि बेड्या दाखवल्या तर मुलांना फक्त कीव येते. मी रॉबर्ट स्मॉल्सपासून सुरुवात करते. मे १८६२, अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू, दक्षिणेतलं चार्ल्स्टनचं बंदर. या गुलाम खलाशाने कॅप्टनची गवती हॅट डोक्यावर चढवली, त्याच्यासारखा उभा राहिला, किल्ल्यासमोरून जाताना नेमक्या खुणेच्या शिट्ट्या दिल्या आणि बायकामुलांसकट अख्खी बोट गुलामगिरीसाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या सैन्याच्या हातून पळवली. पुढे तो काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेला. ज्या मालकाकडे गुलाम म्हणून जन्मला, त्याचं घरही त्याने विकत घेतलं. वर्गात त्या वेळी टाचणी पडली तरी ऐकू येते.

कृष्णाकाठ
न्यूजर्सीकर, "आधी आपलं" म्हणता, तर जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' कोणाला अर्पण केली ते पाहा. निग्रो गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना! पुण्यात बसून त्यांना ते आपलंच वाटलं. सावित्रीबाई शिकवायला बसलात की हे त्यात येणारच.

न्यूजर्सीकर
भिंतीचं माहीत नव्हतं आणि अर्पणपत्रिकेचंही. वाचतो. पण शाळेत मुलीला "तुम्ही आशियाई लोक तर सुखात आहात" असं ऐकवलं जातं, त्याचा राग मी गिळणार नाही. तो मुद्दा तुमच्यापैकी कोणीच घेतला नाही.

रानवारा
बरोबर, तो राहिलाच. तिला थिंद यांचं प्रकरण सांगा, पुढच्या वेळी वर्गात तिच्याकडे उत्तर असेल.