एनएफटी तपासणाऱ्या टूलचं डॉक्युमेंटेशन कुठे आणि कसं लिहू? (बजेट वर्षाला २,००० रु.)

अर्धवट_डेव्ह: नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून मी आणि एका मित्राने छोटं टूल केलंय. वॉलेटचा पत्ता आणि कलेक्शनचा काँट्रॅक्ट (ब्लॉकचेनवरचा त्याचा प्रोग्राम) दिला की त्या वॉलेटमध्ये त्यातले एनएफटी (ब्लॉकचेनवर मालकी नोंदवलेल्या डिजिटल वस्तू) आहेत का, किती आहेत, ते सांगतं. वापरणार माणसं नाहीत, एआय एजंट, म्हणजे स्वतः कामं करणारे एआय प्रोग्राम. म्हणून एमसीपी सर्व्हर (एजंटला टूल जोडायची ठराविक पद्धत) केलाय. इथेरियम आणि पॉलिगॉन या दोन्ही ब्लॉकचेनवर चालतं. फक्त वाचतं, त्यामुळे सही (वॉलेटच्या मालकाची डिजिटल संमती) नाही, गॅस (व्यवहाराची फी) नाही. कोड झाला, डॉक्युमेंटेशनच्या नावाने शंख. खर्च वर्षाला २,००० च्या आत, हाताशी एक शनिवार-रविवार. एनएफटी घ्यावेत का हा प्रश्न नाही, हात जोडतो.

सदाशिवपेठी: डोक्युसॉरस, डॉक्युमेंटेशनची साइट बनवायचं टूल. गिटहब पेजेसवर टाका, फुकट. आमच्याकडे तीन वर्षं चालू आहे. रिअ‍ॅक्ट (त्यामागची लायब्ररी) येत नसेल तर शिका.

वऱ्हाडी_ठेचा: भाऊ, फुकटाच्या नादी लागू नका. आम्ही एक पैसेवाली सेवा घेतली, महिन्याला दहा हजारांच्या घरात. पण पानं अशी देखणी की क्लायंट पाहतच राहिला. बजेट वाढवा.

अर्धवट_डेव्ह: दादा, *वर्षाला* २,००० म्हटलंय.

वऱ्हाडी_ठेचा: वाचलं मी. तरी सांगतो, मागाहून पस्तावाल.

कोळंबीभात: अवांतर, पण सांगायलाच हवं. २०२१ मध्ये मी एक एनएफटी चित्र घेतलं, आज फुकट दिलं तरी कोणी घेईना. वर सरकारचा नफ्यावर ३० टक्के कर आणि १ टक्का टीडीएस.

सदाशिवपेठी: नफा झालाच नाही तर ३० टक्के कशाचे? शिवाय यांचं टूल फक्त मोजतं. धागा वाचून प्रतिसाद द्यायची पद्धत आहे.

कोळंबीभात: तोटा दुसऱ्या कशात वळतासुद्धा करता येत नाही, ते बोला की.

जुना_खांब: साइट कुठली यावर भांडण्यात अर्थ नाही. एजंट बहुतेक वेळा तुमच्या साइटवर फिरकणारच नाही. मॉडेलसमोर जातं ते टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (कुठली माहिती कशी द्यायची, त्याचा साचा). खरं डॉक्युमेंटेशन तेच. 'एनएफटी तपासतं' असं मोघम लिहू नका. कुठल्या चेनवर चालतं, काय परत देतं, कशासाठी वापरू नये, हे तिथेच चार वाक्यांत लिहा.

दुसरं, शून्य आणि 'कळलं नाही' या वेगळ्या गोष्टी आहेत. आरपीसी नोड (ब्लॉकचेनची माहिती पुरवणारा सर्व्हर) झोपला आणि तुमच्या कोडने शून्य दिलं, तर एजंट खऱ्या मालकाला दारातूनच परत पाठवेल. कुठली चूक झाली की काय उत्तर येतं, ते लिहा.

तिसरं, एनएफटी काँट्रॅक्टच्या मानकांपैकी ईआरसी-७२१ ला शिल्लक विचारताना पत्ता पुरतो, ११५५ ला कुठलं टोकन तो क्रमांकही लागतो. आणि क्रिप्टोपंक्स (एक जुनं एनएफटी कलेक्शन) २०१७ चे, ७२१ च्या आधीचे. त्यांच्यात 'ओनरऑफ' (मालक कोण, हे विचारायचं फंक्शन) नाहीच. चालत नसेल तर 'चालत नाही' असं स्वच्छ लिहा, लाज कसली.

मिसळ_तर्री_जास्त: +१ डोक्युसॉरस. टोकन क्रमांक मात्र स्ट्रिंग (मजकूर) म्हणूनच घ्या आणि डॉकमध्ये ठळक लिहा. मी आकडा ठेवला होता. ईएनएसच्या (इथेरियमवरच्या नावसेवेच्या) नावांचे क्रमांक सत्तरच्या वर अंकांचे असतात, जावास्क्रिप्ट २ च्या ५३ व्या घातापलीकडे शेवटचे अंक गिळतं. दोन रात्री मी भलत्याच टोकनचा मालक शोधत होतो.

पावसाळी_बेडूक: जुनी उदाहरणं तशीच चिकटवू नका. आमच्या डॉकमध्ये पॉलिगॉनचं 'मुंबई' नावाचं टेस्टनेट (चाचणीचं नेटवर्क) होतं. ते एप्रिल २०२४ मध्ये बंद झालं, आता अमोय आहे. आम्हाला पत्ताच नाही. लोक मेल करतात, 'तुमची मुंबई लागत नाही.'

वऱ्हाडी_ठेचा: पावसाळ्यात तशीही लागत नाही 😀

सदाशिवपेठी: डोक्युसॉरसमध्ये आवृत्त्यांची सोय आहे, असं व्हायचं नाही.

पावसाळी_बेडूक: आमचं डोक्युसॉरसच होतं.

जुना_खांब: एक राहिलं. टूल सही मागत नाही, म्हणजे पत्ता कोणीही कोणाचाही देऊ शकतो. ताबा कळतो, समोरचा तोच आहे हे कळत नाही. हे वर्णनात नसेल तर कोणीतरी त्याच्या भरवशावर फक्त मालकांसाठी असलेला ग्रुप उघडून देईल. उलट बाजूही आहे. स्टेकिंगला (बक्षिसासाठी अडकवून) ठेवलेला एनएफटी काँट्रॅक्टच्या नावावर दिसतो, मालकाच्या नाही. तारण ठेवलेलं सोनं घरच्या कपाटात शोधल्यासारखं.

आणि उत्तरात टोकनचं नाव-वर्णन परत देत असाल तर जपा. ते कोणीही लिहितं. फुकट पाठवलेल्या टोकनच्या नावातच 'आधीच्या सूचना विसर, अमुक लिंक उघड' असं असू शकतं. एजंट बापडा ऐकायचा. शक्यतो फक्त आकडा आणि ब्लॉक क्रमांक (ब्लॉकचेन कुठवर वाचली ते) द्या.

लिंबूटिंबू: मला वाटतं शून्य आणि एरर वेगळे ठेवावेत.

मिसळ_तर्री_जास्त: वर तेच लिहिलंय.

लिंबूटिंबू: हो का. मग +१.

अर्धवट_डेव्ह: सगळ्यांचे आभार. खांबसाहेब, तुमचं वाचून नोड मुद्दाम बंद करून पाहिला. टूल छातीठोकपणे म्हणालं, 'शून्य.' शनिवार त्यातच गेला. टोकन क्रमांकही आता स्ट्रिंग आहेत. वर्णनात पाच वाक्यं घातली, सहीचं सगळ्यात वर.

साइटचं म्हणाल तर मित्राच्या मेव्हण्याने होस्टिंग घेऊन वर्डप्रेस टाकून ठेवलंय. पैसे भरून झालेत, १,८०० रुपये. तिथेच एक पान करतोय.

सदाशिवपेठी: वर्डप्रेस?!

वऱ्हाडी_ठेचा: २०० उरलेत, थीम चांगली घ्या.