न्याहारीला घरचे फळांचे बेगल: तुमच्या ओट्यावरचा अनुभव सांगा

कोथरूड

गेल्या डिसेंबरपासून आमच्याकडे रविवारी सकाळी पोह्यांच्या जागी बेगल होतात, म्हणजे आधी पाण्यात उकळून मग भाजलेले कड्याच्या आकाराचे पाव. लेक दोन वर्षं माँट्रियलला शिकायला होती. तिथले बेगल मधाच्या पाण्यात उकळून लाकडाच्या भट्टीत भाजतात, आकाराने लहान आणि भोक मोठं. परत आल्यावर तिला घरचं सगळं मिळालं, फक्त सकाळचा तो मनुकांचा बेगल मिळेना. म्हणून मी शिकायला घेतला.

पहिल्या खेपेला मी उकळणं गाळलं. एवढं मळलेलं, फुगवलेलं पीठ पाण्यात टाकायला हात धजेना. भाजून निघाला तो गोल पाव. चव छान होती, पण लेकीने एक घास घेतला आणि म्हणाली, "आई, हा मऊ आहे गं." तेव्हा कळलं की सगळी गंमत उकळण्यातच आहे. गरम पाण्यात वरच्या थरातला स्टार्च शिजून त्याची साल धरते. मग ओव्हनमध्ये बेगल फार फुगू शकत नाही, आतून घट्ट राहतो, वरून चकाकतो आणि चावून खावा लागतो.

माझं आता बसलेलं प्रमाण: मैदा ५०० ग्रॅम, पाणी २८५ मिली, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, साखर २५ ग्रॅम, मनुका १०० ग्रॅम, दालचिनीची पूड एक चमचा. आठ होतात. पीठ पुऱ्यांच्या कणकेइतकं घट्ट हवं आणि १२ मिनिटं तरी मळायचं. मनुका कोमट पाण्यात १५ मिनिटं भिजवून, निथळून, फडक्यावर कोरड्या करून शेवटी घालायच्या. कोरड्याच घातल्या तर त्या पिठातलं पाणी ओढतात. आधी घातल्या तर मळताना फुटतात आणि पीठ चिकट, करडं होतं. उकळायच्या पाण्यात परदेशात बार्लीच्या माल्टचा पाक घालतात. मी दोन लिटर पाण्याला दोन मोठे चमचे काकवी घालते. रंग असा येतो की आता मी माल्ट शोधणंच सोडलं. एका बाजूने ४५ सेकंद, उलटून पुन्हा ४५, मग २२० अंशांवर साधारण २० मिनिटं.

तुम्ही कुठलं फळ घातलंत, काय बिघडलं, कसं सुधारलंत, सगळं लिहा. बिघडलेलं तर आवर्जून लिहा.

सदाशिव पेठ

कोथरूडच्या ताई, तुमचा बेगल म्हणजे आमच्या कडबोळ्याचा थोरला भाऊ. माझं वय ७१. सूनबाई करायला बसली तेव्हा तिचं एकेक बेगल पाण्यात जाताच टोकं सोडत होतं. मी बघत होते. ती टोकं नुसती एकमेकांवर टेकवत होती आणि ओटा पिठाने भुरभुरलेला. कोरडं पीठ मध्ये आलं की सांधा धरत नाही, कडबोळं तेलात सुटतं ते याच कारणाने. मी तिला म्हटलं, सुकं पीठ पूस, वळीची टोकं दोन बोटं एकावर एक चढव आणि हात वळीच्या आत घालून ओट्यावर पुढे-मागे लाट. एकही सुटलं नाही. भोक मात्र हवं त्याहून मोठं ठेवा, फुगल्यावर निम्मं बुजतं.

दालचिनीही बेताने घाला. सूनबाईने हौसेने तीन चमचे घातली तेव्हा पीठ दोन तास तसंच बसून राहिलं. जास्त दालचिनीने यीस्ट मंदावतं असं तिने नंतर वाचलं. आता ती निम्मी दालचिनी पिठात घालते आणि निम्मी साखरेत कालवून वळी करताना आत भरते.

पाषाण

माझा अनुभव अननसाचा, आणि तो वाईट आहे. मुलाच्या वाढदिवसाला अननसाचे बेगल करायचं ठरवलं. ताजा अननस बारीक चिरला, पिळून रस काढला, फोडी पिठात मळल्या. पीठ सुरेख झालं होतं. झाकून ठेवलं आणि तासाभराने बघते तर परातीत लगदा! मैदा घालत गेले तसं ते आणखी चिकट होत गेलं. शेवटी रात्री अकराला फेकून दिलं. सकाळी मुलाने काही न बोलता पोहे खाल्ले, आणि तेच मला जास्त लागलं. पाणी जास्त झालं म्हणावं तर मी रस पिळला होता. कुणाला कारण माहीत आहे का?

गणेशखिंड रस्ता

पाषाणच्या ताई, तुमचा काही दोष नाही. मी जीवरसायनशास्त्र शिकवतो, म्हणून लिहितो. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते प्रथिनं तोडतं. मैद्याला ताण देणारं ग्लुटेन हे प्रथिनच. तुम्ही मळून जाळं तयार केलंत आणि अननसाने तासाभरात ते कापून टाकलं. मैदा वाढवून उपयोग नव्हता, कारण नवीन ग्लुटेनही तुटतच गेलं. कच्ची पपई मटण मऊ करायला लावतात त्यातही हाच प्रकार, तिच्यातलं विकर पपेन. किवीतही असंच एक आहे.

उपाय सोपा आहे. फोडी थोड्या साखरेबरोबर कढईत उकळी येऊन रस आटेपर्यंत शिजवा. उष्णतेने विकर निकामी होतं. पूर्ण गार करून मग पिठात घाला, नाहीतर यीस्ट मरेल. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, त्यामुळे तो चालतो.

मला एका विद्यार्थिनीने विचारलं होतं की पुणे उंचावर आहे, पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं, तर बेगल कच्चा राहील का. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. गव्हाचा स्टार्च साठ-सत्तर अंशांवरच फुलायला लागतो. काही फरक पडत नाही.

वाकड

मी सकाळी ८ ला घर सोडते. बेगल हा माझ्यासाठी नोकरदार बाईचा पदार्थ आहे असं मी मनापासून म्हणेन, कारण कष्टाचं काम रात्री होतं. जेवणं झाली की मळते, तासभर फुगवते, वळते, तेल लावलेल्या ताटात ठेवून वरून झाकून फ्रिजमध्ये. थंडीत यीस्ट सावकाश काम करतं आणि चव मुरते. सकाळी ६ ला ओव्हन तापत टाकायचा, पातेल्यात पाणी चढवायचं, फ्रिजमधून थेट पाण्यात. गार असल्याने हाताळायलाही सोपे जातात. आधी एकच बेगल गार पाण्यात सोडून बघा. तरंगला तर बाकीचे तयार. बुडाला तर पुसून परत ठेवा, बाहेर अर्धा तास बसू द्या.

एप्रिलात मात्र सांभाळा. थंडीत ज्याला दोन तास लागतात ते पुण्याच्या उन्हाळ्यात पाऊण तासात ओतू जातं. मी तेव्हा बर्फाच्या पाण्याने मळते आणि यीस्ट निम्मं करते. एका गुरुवारी भाजायच्या ऐन वेळी वीज गेली. उकळलेले आठ बेगल ताटावर वाट बघत बसले आणि दुपारपर्यंत सुरकुतले. तेव्हापासून बुधवारी रात्री मळत नाही.

कॅम्प

फळाविषयी नाही, पण बेगलच्या कुळाविषयी लिहावंसं वाटतं. कॅम्पात राहतो, लाल देऊळ रोज दिसतं. डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेलं, १८६७ साली पुरं झालेलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आणि आवारात त्यांची समाधी. बेगल ज्यूंचा, म्हणून तो इथे पूर्वीपासून होत असणार असं मला वाटायचं. तसं नाही. बेगल पोलंडकडच्या, यिडिश बोलणाऱ्या ज्यूंचा. क्राकोमधल्या ज्यू समाजाच्या १६१० सालच्या नियमांत त्याचा उल्लेख सापडतो. ससून बगदादी, त्यांची खाद्यपरंपरा वेगळी. आपले मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा आणि भोवती फळं. माझ्या एका बेने इस्राएल शेजाऱ्यांच्या घरी तो खाल्ला, आणि पुढच्या आठवड्यात मी बेगलच्या पिठात खजूर आणि भाजलेलं सुकं खोबरं घातलं. आजवर केलेल्यांत तोच मला सगळ्यांत आवडला. खजूर मोठ्या तुकड्यांत घाला, बारीक केला तर पिठात विरघळून जातो.

विमाननगर

आम्ही तिघं मित्र भाड्याने राहतो, ओव्हन नाही. जाड बुडाची कढई, आत स्टँड, वर घट्ट झाकण. १५ मिनिटं कढई तापवून मंद आचेवर ३० मिनिटं. खालून छान भाजतात, वरून पांढरट राहतात. म्हणून शेवटी तव्यावर लोणी टाकून वरची बाजू शेकतो. दोनच मावतात एका वेळी. तरी करतो, कारण गावाकडून आलेल्या मनुका संपवायच्या असतात. आमचं गाव तासगावजवळ आहे.

बिबवेवाडी

वडिलांना मधुमेह आहे, म्हणून मी निम्मी कणीक घालते आणि साखर अजिबात नाही. कणकेतल्या कोंड्याने ग्लुटेनचे धागे तुटतात, त्यामुळे फुगायला कमी. पाणी दोन-तीन चमचे जास्त घालून मळण्याआधी अर्धा तास भिजू द्यावं, बराच फरक पडतो. मनुकाही मोजून घालते, शेवटी ती साखरच. वडिलांचा वाटा अर्धा बेगल. तो ते सावकाश, वर्तमानपत्राच्या दोन पानांत पुरवून खातात.

धनकवडी

आंबापोळी! कोकणातून येते ती कात्रीने नखाएवढी कापून घाला. मनुकांसारखी भिजवायची नाही, फक्त पिठात घोळवायची म्हणजे तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत. भाजल्यावर ती आत अर्धवट वितळते. वर आलेले तुकडे मात्र करपून कडू होतात, ते बोटाने आत ढकला. हे मनुकांनाही लागू.

क्रीम चीज महाग वाटत असेल तर श्रीखंडासाठी आणतो तो चक्का घ्या. चिमूटभर मीठ घालून फेटायचा. आंब्याच्या गरम बेगलवर तो लावला की मुलं दुसरं काही मागत नाहीत.

सासवड

आमची अंजिराची बाग आहे. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून लोक कौतुकाने विचारतात की याचे बेगल का करत नाही. केले, तीनदा. आमचं अंजीर ताजं खायचं फळ, पातळ सालीचं, पाण्याने भरलेलं. पिठात घातलं की पाच मिनिटांत पीठ सैल. शेवटी बायकोने उन्हाळ्यातली, मीठा बहारातली पिकलेली फळं चार फोडी करून ओव्हनमध्ये सगळ्यांत कमी आचेवर, दार किंचित उघडं ठेवून सहा तास वाळवली. चामट झाली, गोडी एकवटली. ती १२० ग्रॅम आणि मूठभर अक्रोड, ताईंच्या ५०० ग्रॅमच्या प्रमाणात. बाजारात एक डागी अंजीर कुणी घेत नाही, इथे ते कामी आलं. ज्यांना हवं त्यांनी हंगामात येऊन डागी फळं घेऊन जावीत, आम्हाला आनंद होईल.

कोथरूड

सगळ्यांचं वाचून काल रात्री अननस शिजवला. एका मध्यम अननसाचा आटून जेमतेम वाटीभर झाला. आजींनी सांगितल्याप्रमाणे ओटा कोरड्या पिठाशिवाय ठेवला, टोकं दोन बोटं चढवली. रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी पहिला बेगल गार पाण्यात सोडला, तो तळाला जाऊन बसला. अर्धा तास थांबले, मग तरंगला. आठही सांध्याला धरून राहिले. अननसाचे कोपरे थोडे काळे झाले आहेत, पुढच्या वेळी तुकडे आत ढकलेन. पाषाणच्या ताई, तुमच्या मुलासाठी दोन बाजूला ठेवले आहेत. संध्याकाळी चांदणी चौकाकडे येणार असाल तर कळवा.