वस्तीच्या पुनर्विकासासाठी उद्याचा कर आजच खर्ची टाकावा का?

प्रश्न

नागरी अर्थकारणावरील अभ्यासवर्गासाठी मी अमेरिकेतील ‘टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग’ म्हणजेच ‘टिफ’ या पद्धतीचे वाचन करीत आहे. पडझड झालेल्या वस्तीची हद्द ठरवायची, त्या दिवशीचे तेथील मालमत्तांचे करपात्र मूल्य गोठवायचे आणि पुढे मूल्य वाढल्यामुळे मिळणारा जादा कर सर्वसाधारण तिजोरीत न जमा करता त्याच वस्तीतील रस्ते, जलवाहिन्या, भूसंपादन किंवा विकासकाचे अर्थसाहाय्य यांवर खर्च करायचा, असे तिचे ढोबळ स्वरूप आहे. नगरपरिषदांच्या सभांची जी इतिवृत्ते मी वाचली, त्यांत समर्थक हटकून सांगतात की करदात्याला याची काहीच तोशीस लागत नाही, कारण प्रकल्प झाला नसता तर हा कर मुळात मिळालाच नसता. विरोधकांचा आक्षेप नेमका याच विधानावर असतो. एखाद्या प्रस्तावाचे मोजमाप करताना प्रथम काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1

‘प्रकल्प झाला नसता तर’ हे शब्दच आधी तपासावेत. मी अनेक वर्षे हिशेबतपासणीचे काम केले आहे आणि माझ्या अनुभवात अशा प्रस्तावांतील सर्वांत कच्चा दुवा येथेच सापडतो. एक साधे गणित मांडून पाहा. वस्तीचे गोठवलेले मूल्य 100 धरा. इलिनॉय राज्यात अशा क्षेत्राची नेहमीची मुदत 23 वर्षे असते. तेथे एक वीटही रचली नाही आणि महागाईमुळे मूल्य दरसाल केवळ 3 टक्क्यांनी वाढत गेले, तरी 23 वर्षांनी ते सुमारे 197 होते. म्हणजे शेवटच्या वर्षी मूल्यातील जी वाढ प्रकल्पाच्या खात्यावर दाखवली जाईल, तिच्यातील 97 एवढा भाग प्रकल्पाविनाही झालाच असता. या भागावरचा कर शाळा, उद्याने आणि ग्रंथालये चालवणाऱ्या स्वतंत्र करसंस्थांच्याही वाट्याचा होता. त्यांना मात्र मुदत संपेपर्यंत 100 वरच्या करावरच भागवावे लागते, आणि दरम्यान त्यांचे पगार व इतर खर्च काही गोठलेले नसतात.

तोशीस लागत नाही हे म्हणणे इलिनॉयपुरते तरी मला मान्य नाही. तेथे करसंस्था आधी एकूण मागणीची रक्कम ठरवतात आणि मग कराचा दर काढला जातो. वाढीव मूल्य हिशेबातून वगळले की तीच मागणी भागवण्यासाठी दर चढतो आणि तो भार सर्वच करदात्यांवर पडतो. म्हणून प्रस्तावासोबत ‘प्रकल्पाविना अपेक्षित वाढ’ वेगळी मांडली आहे का, हे पाहावे. ती मांडलेली नसेल, तर सभासदांनी मत देण्यापूर्वी ती मागून घ्यावी.

प्रतिसाद 2

वरील गणित बिनचूक आहे. तथापि त्यावरून ही पद्धतच टाकाऊ ठरवली जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. कॅलिफोर्नियात ही पद्धत 1952 मध्ये सुरू झाली. 1978 च्या ‘प्रपोझिशन 13’ने मालमत्ता करावर कडक मर्यादा घातल्यानंतर शहरांच्या हाती उरलेल्या मोजक्या साधनांपैकी ती एक होती, आणि त्यामुळे तिचा वापर अतोनात वाढला. शाळांच्या वाट्याची तूट राज्याला भरून द्यावी लागत असल्याने 2011 च्या आर्थिक ओढगस्तीत गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी ही पद्धत राबवणाऱ्या पुनर्विकास संस्था कायदा करून मोडीत काढण्याचा आग्रह धरला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा डिसेंबर 2011 मध्ये उचलून धरला आणि 1 फेब्रुवारी 2012 रोजी अशा सुमारे 400 संस्था विसर्जित झाल्या.

परंतु याच संस्थांना वाढीव कराचा किमान 20 टक्के भाग परवडणाऱ्या घरांसाठी राखून ठेवणे बंधनकारक होते. संस्था गेल्या तसा तो ओघही आटला. तिजोरीची गळती थांबवताना कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचे छप्परही त्याच कायद्याने काढून घेतले गेले, हे हिशेब तपासताना विसरता कामा नये.

प्रतिसाद 3

दोन्ही प्रतिसादांत न आलेला एक मुद्दा जोखमीचा आहे. नगरपरिषदेने आधीच कर्जरोखे काढून पैसा उभा केला आणि अपेक्षित इमारती उभ्याच राहिल्या नाहीत, तर व्याज द्यायचे कोणी? याउलट विकासकाने आधी स्वतःचा पैसा घालावा आणि वाढीव कर प्रत्यक्ष जमा होईल तसतशी त्याची भरपाई व्हावी, असा करार करता येतो. बाजार कोसळला तर झळ विकासकाला बसते, शहराला नाही. आपण इतिवृत्ते वाचतच आहात, तर रोखे कोणाच्या हमीवर काढले आहेत, हे आवर्जून पाहा.

दुसरे म्हणजे वस्तीची निवड. शिकागोच्या नगरपरिषदेने एप्रिल 2019 मध्ये ‘लिंकन यार्ड्स’ प्रकल्पासाठी 1.3 अब्ज डॉलरपर्यंतच्या टिफ साहाय्याला मंजुरी दिली, तेव्हा वादाचा मुख्य रोख असा होता की लिंकन पार्कसारख्या सधन भागालगतची, नदीकाठची मोक्याची जमीन मोडकळीस आलेली कशी ठरते? मला तो आक्षेप रास्त वाटतो. ज्या जमिनीकडे गुंतवणूक आपणहून वळणार आहे, तेथे सार्वजनिक पैसा ओतला की खरोखर ओस पडलेल्या वस्त्यांसाठी वापरता येणारी सवलत खर्ची पडते.

प्रश्नकर्ता

तिन्ही उत्तरांबद्दल आभार. एक शंका उरते. क्षेत्राच्या निधीत प्रकल्पाच्या गरजेपेक्षा जास्त रक्कम साचली, तर मुदत संपेपर्यंत ती तशीच पडून राहते का?

प्रतिसाद 1

राहिलीच पाहिजे असे नाही. शिकागोत अशी रक्कम ‘अतिरिक्त निधी’ म्हणून जाहीर करून मूळ करसंस्थांना परत वाटली जाते आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक हिस्सा शाळांकडे जातो. मात्र किती रक्कम अतिरिक्त मानायची हा निर्णय मुख्यतः शहर प्रशासनाच्या हाती असल्यामुळे दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी त्यावरून चांगलीच रस्सीखेच होते. आपण ज्या प्रस्तावाचा अभ्यास कराल, त्याच्या करारात ही परतफेड कोणत्या रकमेनंतर आपोआप सुरू होईल हे लिहिले आहे का, तेवढे कलम शोधावे.