मदत हवी आहे: पोस्टात नोकरीला आहे, ब्लॉग सुरू करायचाय, पण गावाचं काय करू?

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच.

वय एक्कावन्न. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पोस्टात सब-पोस्टमास्तर. लेक पुण्याला नोकरीला लागली, सासूबाईंचं करणं गेल्या वर्षी संपलं, संध्याकाळ आता माझी असते. ब्लॉग लिहायचं ठरवलंय. लिहू का, हा प्रश्न नाही, त्यामुळे 'वय हा फक्त आकडा असतो ताई' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

विषय आमच्या खिडकीतून दिसलेलं कोकण. मी लागले तेव्हा मनिऑर्डरींचा जमाना होता. मुंबईच्या चाकरमान्यांचे पगार झाले की आठवड्याभरात इकडे पैसे यायचे आणि वाण्याची उधारी फिटायची. फॉर्मच्या तळाच्या तुकड्यावर निरोपाला दोन-चार ओळींची जागा असे. "पावसाआधी कौलं परतून घे." "आयेला चष्मा कर." "गणपतीला रजा नाही." घेणारीचा अंगठा असला की पोस्टमन तो वाचून दाखवायचा. काही जणी विचारायच्या, "अजून काय लिवलानी हाय?" तर पुढे काहीच नसायचं. आमचे एक जुने पोस्टमन अशा वेळी पदरचं एखादं वाक्य घालायचे. पुढे ईएमओ (इलेक्ट्रॉनिक मनिऑर्डर) आली, तिच्यात ठरीव निरोपांची यादी, त्यातला एक निवडायचा. कागदी मनिऑर्डर २०१५ मध्ये बंदच झाली. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टसुद्धा स्पीड पोस्टात मिळवलं. हे सगळं कुणीतरी लिहायला हवं, आणि मला लिहिता येतं. हे जरा आगाऊपणाचं वाटेल, पण वह्या भरल्यात मी.

आता अडचणी. ऑफिसात म्हणतात, "मॅडम, रिटायर झाल्यावर लिहा." म्हणजे साठीनंतर. पिनकोडची पद्धत बसवणारे (१५ ऑगस्ट १९७२ पासून ती सुरू झाली) श्रीराम भिकाजी वेलणकर आमच्याच खात्यातले आणि संस्कृतचे कवी. ते फार मोठे अधिकारी होते हे मान्य. पण नियम नेमका काय आहे?

दुसरी अडचण खरी. एका माणसाच्या दर महिन्याला दोन मनिऑर्डरी यायच्या, शेजारशेजारच्या दोन वाड्यांत, दोन बायकांच्या नावे. रक्कम अगदी सारखी. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. तो माणूस गेला. त्या दोघी आहेत, आणि त्यांची नातवंडं दिवसभर मोबाइलवर असतात. माझ्याकडची सगळ्यात चांगली गोष्ट हीच आहे आणि ती मला केवळ नोकरीमुळे कळलेली आहे. लिहावी का?

तिसरी किरकोळ: थोडं लिखाण डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत टाइप करून घेतलं होतं. ब्लॉगवर डकवलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतात.

जुनी_फाईल:
मी केंद्र सरकारच्याच दुसऱ्या खात्यातून निवृत्त झालो. तुम्हाला सीसीएस (केंद्रीय नागरी सेवा) वर्तणूक नियम, १९६४ लागू. नियम ८ काढून वाचा. पुस्तक छापायला किंवा माध्यमांत भाग घ्यायला पूर्वपरवानगी लागत नाही, मात्र मतं माझी आहेत, सरकारची नाहीत, हे स्पष्ट करावं लागतं. त्याच नियमात वृत्तपत्र किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यम स्वतः चालवायला मात्र परवानगी लागते म्हटलंय. ब्लॉग कशात बसवायचा हे साहेबावर अवलंबून, म्हणून डिव्हिजनला एक पत्र देऊन ठेवा आणि पोच घ्या. पोच महत्त्वाची, पोस्टातल्या माणसाला मी काय सांगणार! नियम ९ म्हणजे सरकारवर टीका, नियम ११ म्हणजे कार्यालयीन माहिती बाहेर देणं. तुमची दोन मनिऑर्डरींची गोष्ट मला ११ च्या फार जवळ वाटते. आणि ब्लॉगवर जाहिराती लावू नका, कमाई आली की नियम १५ येतो.

कीबोर्डवाली:
ताई, श्रीलिपीचा मजकूर युनिकोडमध्ये नाही, म्हणून तसं दिसतं. नेटवर फॉन्ट बदलून देणारी साधनं फुकट आहेत. बदलल्यावर रफार आणि 'ऱ्या' डोळ्यांत तेल घालून तपासा, हमखास तिथेच घोळ होतो. वह्यांसाठी जीबोर्डवर (फोनमधला गूगलचा कीबोर्ड) मराठीत बोलून टाइप करा. ब्लॉगस्पॉट फुकट आहे, पण सेटिंगमधून अधूनमधून बॅकअप उतरवून घ्या. आणि ऑफिसच्या संगणकावर काहीही करू नका.

घाटमाथा:
गोष्ट म्हणून लिहा. नावं बदला, तालुका बदला, मनिऑर्डरीऐवजी पत्रं करा. कोण ओळखतंय?

धागाकर्ती:
जुनी_फाईल, मनापासून आभार. पत्र या आठवड्यात देते. जाहिरातींचा विचारही नव्हता.

कीबोर्डवाली, बोलून बघितलं. प्रमाण मराठी झकास उमटते, पण आमची संगमेश्वरी बोलले की फोन भलतंच लिहितो. ते संवाद हातानेच टाइप करीन.

घाटमाथा, तुमचं पटत नाही. तालुका बदलला की बोली बदलते. माझ्या माणसांना मालवणी बोलायला लावू? आणि पत्रात पैसे नसतात हो. दोघींना सारखीच रक्कम, ती गोष्ट तिथेच तर आहे. एवढं काढून उरलेलं ब्लॉगवर टाकण्यापेक्षा न लिहिलेलं बरं. आणि गावात ओळखतील. गोठ्यातली म्हैस बदलून लिहिली तरी ओळखतील.

तेव्हा सुरुवात पोस्टमनने पदरच्या घातलेल्या वाक्यांपासून करते. ते काका हयात आहेत, फोनवर विचारलं, म्हणाले, "नाव घालून लिही, फोटो पण लाव." दोन मनिऑर्डरींचं थांबवलंय. त्या दोघींतली थोरली दर महिन्याला पैसे काढायला माझ्याच खिडकीवर येते. तिला विचारायचं मनात आहे, पण कसं विचारायचं ते सुचत नाही. मी तिथे खुर्चीत बसलेली असताना ती 'नको' म्हणू शकेल का? की सुट्टीच्या दिवशी तिच्या घरी जाऊन विचारू? आणि धाकटीला आधी विचारायला हवं का? ह्यावर कुणी बायकांनी लिहिलंत तर बरं होईल.

कीबोर्डवाली:
घरीच जा. आणि धाकटीकडेही त्याच दिवशी जा, नाहीतर एकीला दुसरीच्या तोंडून कळेल.