मदत हवी आहे: वर्णद्वेष आणि गेलेलं साम्राज्य, तीन कवितांपाशी गाडी अडलीय

अक्षरवेल

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून बाहेरून एम.ए. इंग्रजी करतेय. दिवसभर पतसंस्थेच्या काउंटरवर, रात्री पोरं झोपली की पुस्तक. बारावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे शब्दकोश शेजारी असतोच. शब्द लागतात, कविता लागत नाही, अशी अवस्था आहे.

गाइडमध्ये प्रत्येक कवितेखाली 'कवीने वर्णद्वेषाचा निषेध केला आहे' हे एकच वाक्य उलटंपालटं करून छापलंय. निषेध आहे हे मलाही दिसतं हो. पुढे काय?

पहिली नायजेरियन कवी वोले सोयिंका यांची 'टेलिफोन कॉन्व्हर्सेशन'. भाड्याची खोली, भाडं परवडणारं, घरमालकीण तिथे राहत नाही, सगळं जमल्यात जमा. मग तो आपणहून सांगतो, मी आफ्रिकन आहे. बाई गप्प. थोड्या वेळानं विचारते, किती काळे? हा चिडत नाही, फोन आपटत नाही, चक्क विनोद करायला लागतो. तळहात-तळपाय कसे सोनेरी, बसून बसून बूड मात्र कसं काळंकुट्ट झालंय वगैरे. मला फिस्सकन हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. इथे हसायचं असतं का? आणि मध्येच 'बटन बी, बटन ए' हे काय आहे?

दुसरी ताताम्खुलू आफ्रिका यांची 'नथिंग्ज चेंज्ड'. दक्षिण आफ्रिका, वर्णभेदाचे कायदे गेलेले, नव्या हॉटेलवर 'फक्त गोऱ्यांसाठी' अशी पाटीही नाही. मग याला अडवतंय कोण? काचेला नाक लावून बाहेर कशाला उभा राहतो? आत जाऊन बसावं की.

तिसरी सगळ्यात अवघड, डेरेक वॉलकॉटची 'रुइन्स ऑफ अ ग्रेट हाउस'. मळेवाल्या गोऱ्या मालकाची पडकी हवेली. गुलामांच्या वंशातला माणूस तिथे उभा राहतो, आधी संतापतो, आणि शेवटी कळवळा! सत्ता इंग्रजांची गेली, मग दुःख वॉलकॉटला कशाचं? पेपरात 'गमावलेली सत्ता' हा प्रश्न हमखास हिच्यावरच येतो.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. तयार उत्तर नकोय. (म्हणजे दिलंत तर नाही म्हणणार नाही.)

पारावरचा

ताई, हसा. बिनधास्त हसा. तो हसवतोयच, फक्त कुणाला हसताय ते बघा.

बटनाचं आधी उरकतो. तेव्हाच्या इंग्लंडातल्या सार्वजनिक फोनवर दोन बटनं असायची. पलीकडून कुणी उचललं की 'ए' दाबायचं, नाणी पडायची आणि तुमचा आवाज पलीकडे जायचा. नाही उचललं तर 'बी' दाबून पैसे परत. 'किती काळे' ऐकल्यावर याच्या डोक्याचा इतका भुगा होतो की तो समोरच्या वस्तू बघून आपण जागे आहोत ना याची खात्री करतो. बटनं, लाल बूथ, लाल टपालपेटी, लाल दुमजली बस. स्वप्न नाही, लंडनच आहे. शिवाय बाईच्या प्रश्नालाही त्या बटनांसारखे दोनच पर्याय आहेत, उजळ की काळा. तिसरं बटन नाहीच.

आता विनोद. खोली बाईच्या हातात आहे, पण इंग्रजी याच्या हातात आहे. तिची वाक्यं बघा, मोठ्या अक्षरात छापलेली, तुटक, ठोकळेबाज. याची बघा. 'वेस्ट आफ्रिकन सेपिया' म्हणतो (सेपिया म्हणजे जुन्या फोटोंसारखा तपकिरी रंग), वर पासपोर्टावर तशी नोंद आहे म्हणतो. तिला ते कळत नाही आणि तसं तिला कबूल करावं लागतं. रंगावरून माणूस ठरवायचाय ना? मग घ्या, नीट मोजमाप घ्या, अवयवागणिक रंग सांगतो. तिचाच प्रश्न तो इतक्या गंभीरपणे पुढे नेतो की प्रश्नाचाच पोकळपणा उघडा पडतो.

एक गंमत कुठल्याच गाइडात सापडणार नाही. बाईनं रंग विचारायच्या आधीच यानं तिला न बघता रंगवलेली आहे. नुसत्या आवाजावरून लिपस्टिक काय, सोनेरी सिगारेट होल्डर काय. म्हणजे तोही फोनवरून माणूस ठरवतोच आहे. सोयिंका हे मुद्दाम ठेवतात असं माझं मत. कुणी असहमत असेल तर भांडायला मी आहेच.

काळ लक्षात ठेवा. ही कविता १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची. ब्रिटनमध्ये वंशभेदविरोधी पहिला कायदा १९६५ चा, आणि त्यात भाड्याची घरं आलीच नाहीत. ती आली १९६८ च्या कायद्यात. म्हणजे फोनवरची बाई कुठलाही कायदा मोडत नव्हती.

अक्षरवेल

पारावरचे, बटनाचं अगदी लख्ख झालं, आभार. पण एक पटत नाही. शब्दांत तो जिंकला असेल, रात्री झोपला कुठे? खोली मिळाली नाहीच ना.

पारावरचा

बिनतोड. नाही मिळाली असंच दिसतं, शेवटी ती फोन आदळायच्या बेतात आहे आणि हा घाईघाईनं म्हणतो, बाईसाहेब, तुम्ही स्वतःच येऊन बघा ना. नम्र विनंती आणि चावट टोमणा, एकाच वाक्यात. त्यापुढे कवितेला काही म्हणायचं नाही. उत्तरात हे नक्की लिहा: भाषेत वरचढ, व्यवहारात बेघर. माझ्या 'तो जिंकला'पेक्षा तुमचा प्रश्न भारी आहे.

चिंचगूळ

थोडं अवांतर. ही कविता वाचताना मला बाबासाहेबांचा बडोद्याचा अनुभव आठवतोच. कोलंबिया आणि लंडनहून शिकून आलेला माणूस १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू होतो आणि राहायला जागा नाही. पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून राहावं लागतं. अकराव्या दिवशी डझनभर पारशी लाठ्या घेऊन दारात उभे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतः लिहिलंय. आणि आजही खोली बघायला फोन केला की डिपॉझिटच्या आधी 'आडनाव काय तुमचं?' येतंच.

पण ताई, पेपरात जात आणि वंश एकच असं लिहू नका, परीक्षक पकडतील आणि ते बरोबरही नाही. सोयिंकाच्या बाईला रंग विचारावा लागतो कारण मध्ये फोन आहे. आपल्याकडे माणूस समोर उभा असला तरी विचारावं लागतं. चौकशीची धाटणी मात्र तीच, आधी सभ्य शांतता आणि मग आडून प्रश्न.

जुना_डर्बनकर

दुसऱ्या कवितेवर मी बोलतो. कंपनीच्या कामानं काही वर्षं दक्षिण आफ्रिकेत होतो, केपटाऊनला जाणं व्हायचं.

कवितेतली जागा आहे डिस्ट्रिक्ट सिक्स. बंदराजवळचा, डोंगराच्या पायथ्याचा मिश्र वस्तीचा भाग. ११ फेब्रुवारी १९६६ ला सरकारनं तो 'गोऱ्यांचा विभाग' म्हणून जाहीर केला, १९५० च्या ग्रुप एरियाज ॲक्टखाली. साठ हजारांहून अधिक माणसं उचलून केप फ्लॅट्सच्या वाळवंटी माळावर नेऊन टाकली, घरांवर बुलडोझर. प्रार्थनास्थळं तेवढी ठेवली. बरीचशी जमीन पुढे कित्येक वर्षं नुसती पडून होती. म्हणून कवितेच्या सुरुवातीला दगड, डबडी आणि तण आहे. इथे वस्ती होती अशी पाटी नाही, पण पायांना, हातांना, कातडीला माहीत आहे, असं तो म्हणतो.

तिथल्या संग्रहालयात (१९९४ ला एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये सुरू झालं) जमिनीवर त्या भागाचा भलामोठा नकाशा आहे. उठवलेल्या लोकांनी येऊन आपापलं घर कुठे होतं ते त्यावर हातानं लिहिलंय. लोक चपला जपून टाकत चालतात त्यावर. तो नकाशा बघितल्यावर या कवितेला वेगळी टीप लागली नाही मला.

आता तुमचा प्रश्न: आत जाऊन का बसत नाही? दारावर पहारेकरी आहे, टेबलावर पांढरंशुभ्र कापड, एकच गुलाब. आणि त्याच रस्त्यावर थोडं पुढे कामगारांचं कॅफे, तिथे बनी चाऊ मिळतो. बनी चाऊ म्हणजे पाव आतून कोरून त्यात रस्सा भरायचा, डर्बनच्या आपल्या भारतीय लोकांनी काढलेला प्रकार. हातात घ्या, प्लास्टिकच्या टेबलावर खा, बोटं जीन्सला पुसा. कायदा गेला, पण कुणी कुठे बसायचं हे आता मेनूकार्डावरची किंमत ठरवते. पाटीची गरजच संपली. कायदा निदान वाचता तरी येत होता, मोडता येत होता. ही पाटी अंगात मुरलेली आहे, 'हाडात' असं तो म्हणतो. आत शिरायची मुभा असूनही पाय उचलत नाही, याचा त्याला जास्त राग आहे.

आणि कवीचं आयुष्य वाचाच. जन्म इजिप्तमधला, १९२० चा, वडील इजिप्शियन, आई तुर्की. अगदी लहानपणी दक्षिण आफ्रिकेत आले, अनाथ झाले, ख्रिश्चन कुटुंबात वाढले. गोरे म्हणून राहायची सोय होती यांना. पुढे इस्लाम स्वीकारला, गोरं म्हणवून घ्यायला नकार दिला, १९८७ मध्ये अटकही झाली. म्हणजे काचेच्या आत बसता आलं असतं असा माणूस आपण होऊन बाहेर उभा आहे. तुमच्या 'आत जाऊन बसावं की'चं एक उत्तर हेही.

खवचट_खंडू

मला प्रामाणिकपणे वाटतं, शेवटी दगड किंवा बॉम्ब हवासा वाटणं हे जरा भडक झालं. काच फोडून काय मिळणार?

जुना_डर्बनकर

खंडूशेठ, तो फोडत नाही. हात नुसते शिवशिवतात आणि तो काचेपासून मागे सरतो, काचेवर श्वासाचा छोटासा गोल तेवढा उरतो. त्या क्षणी तो पुन्हा लहान पोरगा झालेला असतो असंही लिहिलंय. भडक वाटायचं तर वाटू दे, पण ती ओळ काढली तर कविता पर्यटनखात्याच्या माहितीपत्रकात बसेल.

निवृत्त_फळा

तिसऱ्या कवितेची वाट बघत होतो. शिकवलीय बरीच वर्षं, पोरं नेहमी इथेच अडायची.

वॉलकॉट कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटाचे, १९३० चा जन्म. दोन्ही आजोबा गोरे, दोन्ही आज्या गुलामांच्या वंशातल्या. हे आधी वहीत लिहा, कारण हवेलीत उभा राहणारा माणूस नुसता पीडितांचा वारस नाही, पीडा देणाऱ्यांचाही आहे. कविता आली १९६२ च्या संग्रहात. जमैका आणि त्रिनिदाद स्वतंत्र झाले तेच साल.

हवेलीचे नुसते दगड उरलेत. नाकात जातो तो सडत्या लिंबांचा वास, त्याला तो साम्राज्याचा महारोग म्हणतो. सत्ता मेली तरी वास मेला नाही. मग राग येतो. मालकाच्या तळ्यात कुणी गुलाम कुजत असेल या विचारानं तो पेटतो. हॉकिन्स, रॅले, ड्रेक या सोळाव्या शतकातल्या इंग्रज दर्यावर्दींची नावं घेतो. हॉकिन्स तर गुलामांचा व्यापारी. रॅले मात्र साम्राज्याचा धाडसी शिपाईही आणि चांगला कवीही. इथे खरी गाठ आहे. खुनी आणि कवी एकाच घराण्यातले, आणि वॉलकॉट लिहितो ते इंग्रजी त्याच घराण्यातून आलेलं. ते फेकून द्यायचं तर स्वतःची जीभ कापावी लागेल.

म्हणून कळवळा येतो तो भूतदयेनं नाही. त्याला आठवतं की इंग्लंडही कधीकाळी आपल्यासारखीच वसाहत होतं, रोमनांची. आज वसाहत असलेले उद्याचे मालक आणि आजचे मालक उद्याचे दगड. तो स्वतःच म्हणतो की मनानं ठरवलं होतं त्यापेक्षा हे वेगळंच संपलं. त्याला रागच करायचा होता हो! कविता ऐकेना. संताप खोटा ठरत नाही, फक्त शेवटचा शब्द त्याला मिळत नाही.

'गमावलेली सत्ता' याच्या विरुद्ध बाजूनं बघायची असेल तर इंग्रज कवी फिलिप लार्किनची १९६९ ची 'होमेज टू अ गव्हर्नमेंट' वाचा. पैसे नाहीत म्हणून परदेशातलं सैन्य घरी आणायचं, एवढाच विषय. तिथे हळहळ आहे ती सत्ता गेल्याची आणि हिशोबाच्या वहीमुळे गेल्याची. ज्यांच्यावर सत्ता होती ती माणसं त्या कवितेत जवळजवळ नाहीतच. दोन्ही शेजारी ठेवा, आठ-दहा मार्कांचं उत्तर आपोआप तयार.

आणि शेवटच्या ओळींसाठी इंग्रज कवी जॉन डनचा १६२४ चा तो प्रसिद्ध उतारा काढा, कुणीही माणूस बेट नाही, घंटा कुणासाठी वाजतेय ते विचारू नका, तो. परिच्छेदभरच आहे. वॉलकॉट तिथूनच ओळ उचलतो.

अक्षरवेल

सर, उतारा मिळाला, आत्ता दोन्ही समोर ठेवून वाचले. डन म्हणतो, मातीचं एक ढेकूळ वाहून गेलं तरी खंड तेवढा कमी होतो, जणू तुझ्या मित्राची जहागीर गेली किंवा तुझी स्वतःची गेली. वॉलकॉट 'तुझ्या मित्राची' इथेच थांबतो. 'तुझी स्वतःची' गाळलंय. माझ्या पुस्तकात छपाईची चूक आहे की त्यानं मुद्दाम तोडलंय?

निवृत्त_फळा

छपाईची चूक नाही, कविता तिथेच थांबते. का, ते मी सांगत नाही. त्याचे दोन आजोबा आणि दोन आज्या पुन्हा बघा आणि 'हवेली कुणाची' या प्रश्नावर तुमच्या शब्दांत पानभर लिहून इथेच टाका. तपासून देतो.

पारावरचा

आम्हीही तपासू. लाल पेन तयार आहे.

अक्षरवेल

रविवारी टाकते. शनिवारी पतसंस्थेची सभा आहे.