फ्लाइंग ट्रॅपीझची कला घराण्यातच का राहते? कोडोना कुटुंबाच्या निमित्ताने

प्रश्न : उंच झोका (टोपणनाव)

गेले काही दिवस मी फ्लाइंग ट्रॅपीझच्या, म्हणजे सर्कशीतील हवेतल्या झोक्यांच्या, इतिहासाविषयी मिळेल ते वाचत आहे आणि प्रत्येक वेळी मेक्सिकोच्या कोडोना कुटुंबापाशी येऊन थांबत आहे. वडील एडवर्ड कोडोना यांची मेक्सिकोत लहानशी फिरती सर्कस होती, तर आईचे माहेर बुइस्ले हे फ्रेंच सर्कस-घराणे. १८९३ साली हर्मोसियो येथे जन्मलेला आल्फ्रेडो, त्याचा धाकटा भाऊ लालो आणि पुढे तारेवरच्या कसरतीत नाव मिळवणारी बहीण व्हिक्टोरिया ही मुले तंबूतच वाढली. अमेरिकेत गेल्यावर आल्फ्रेडोला १९२० साली तिहेरी कोलांटी, म्हणजे झोका सोडून झेलणाऱ्याच्या हाती येण्यापूर्वी हवेत सलग तीन कोलांट्या, साधली, आणि एकदा करून दाखवण्यावर न थांबता त्याने ती आपल्या नेहमीच्या खेळात आणली.

मला पडलेला प्रश्न असा, की ही कला इतकी कुटुंबापुरती का राहते? फिरस्तीच्या आयुष्यात मुलांना दुसरे काही शिकायला मिळत नाही म्हणून, की कसरतीलाच रक्ताच्या नात्याची गरज असते? दुसरे असे, की आल्फ्रेडोवर पानेच्या पाने लिहिली जातात आणि त्याला रोज झेलणाऱ्या लालोला जेमतेम एक ओळ मिळते. झेलणाऱ्याचे काम खरोखर इतके दुय्यम असते का?

उत्तर : लंबक

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे बरेचसे उत्तर त्यातच आहे.

ट्रॅपीझचा झोका हा लंबक आहे, आणि लंबकाच्या एका फेरीला लागणारा वेळ माणसाच्या वजनावर नव्हे तर मुख्यतः दोरीच्या लांबीवर ठरतो. त्यामुळे उंचावरच्या फळीवरून एकदा सुटलेल्या कसरतपटूला आपला झोका घाईने पुढे नेता येत नाही की मागे रेंगाळवता येत नाही. निघताना क्षण चुकला तर तो भरून काढायला वाटेत जागाच नसते. समोर गुडघ्यांच्या आधाराने उलटा लटकलेला झेलणारा स्वतःचा झोका आधी सुरू करतो, दोघांच्या फेऱ्यांचा हिशेब मनाशी ठेवतो आणि कित्येक संचांत निघण्याची हाकही तोच देतो. म्हणजे उडणारा हवेत झेपावण्यापूर्वीच अर्धा खेळ झेलणाऱ्याने ठरवलेला असतो.

तिहेरी कोलांटीत तर त्याचे काम अधिकच अवघड होते. अंग जितके आखडून घ्यावे तितके गरगरणे वाढते, आणि तिसऱ्या फेरीत वर कोणते व खाली कोणते याचे भान सुटू लागते. अशा वेळी उडणारा समोर नीट पाहून हात देतो असे नाही. तो अंग उघडतो, हात पुढे करतो आणि ते हात शोधण्याची जबाबदारी दुसऱ्यावर सोडतो. पकडही बोटांची नसते, एकमेकांच्या मनगटांची असते. खाली जाळी आहे म्हणून निर्धास्त राहता येते हा प्रेक्षकांचा गोड गैरसमज आहे, कारण जाळीवर पाठीने पडायलाही शिकावे लागते आणि मानेवर आलेल्या माणसाला जाळी वाचवतेच असे नाही.

आता कुटुंबाविषयी. असा मेळ जमायला वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत उडणारे मूल वाढते, त्याचे वजन व हातांची लांबी बदलते आणि झेलणाऱ्याला आपला अंदाज पुन्हा पुन्हा बसवावा लागतो. पगारावर आलेला कसरतपटू हंगाम संपल्यावर दुसऱ्या तंबूत जाऊ शकतो. भाऊ सहसा जात नाही. माझ्या मते कोडोनांच्या यशात रक्तापेक्षा या टिकून राहण्याचा वाटा मोठा आहे.

उत्तर : जुना तंबू

वरील विवेचन पटले, तरी दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, तिहेरी कोलांटीची सुरुवात आल्फ्रेडोपासून होत नाही. १८९७ साली सिडनी येथे लीना जॉर्डन या मुलीने ती केल्याची नोंद आहे, आणि तिला झेलले होते लुईस जॉर्डन यांनी. मुळात ही कलाच पॅरिसमध्ये १८५९ साली झ्यूल लेओतार याने प्रथम लोकांपुढे आणली. तुलूझ येथे वडिलांच्या व्यायामशाळेतील पोहण्याच्या तलावावर झोके टांगून तो सराव करत असे, आणि पॅरिसच्या त्या खेळात तो एका झोक्यावरून दुसऱ्यावर जात होता. त्याला झेलायला माणूस नव्हता, याची आपल्या प्रश्नाच्या संदर्भात गंमत वाटते.

दुसरी गोष्ट, ही कला घराण्याबाहेरही रुजली आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्याचे ब्लूमिंग्टन हे गाव ट्रॅपीझपटूंचे माहेर समजले जाई. आर्थर कॉन्सेलो तिथल्या वायएमसीएच्या व्यायामशाळेत शिकला, आणि पुढे तो व त्याची पत्नी अँटोनेट दोघेही तिहेरी कोलांटी करत. आपल्याकडे १८८० साली ग्रेट इंडियन सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे केरळातील थलश्शेरीला गेले, तेव्हा तिथल्या कीलेरी कुञ्ञिक्कण्णन या व्यायामशिक्षकांशी त्यांची गाठ पडली, आणि कुञ्ञिक्कण्णन यांनी १९०१ च्या सुमारास सर्कशीचे शिक्षण देणारी शाळाच सुरू केली. भारतातल्या कितीतरी तंबूंना कसरतपटू मिळाले ते त्या गावाकडून. तेव्हा घराणे ही या कलेची एक शाळा आहे, एकमेव नव्हे.

उत्तर : उंच झोका

दोघांचेही मनःपूर्वक आभार. लीना जॉर्डनचे नाव मला माहीत नव्हते. कोडोनांविषयीच्या बहुतेक लेखांचा शेवट आल्फ्रेडो आणि लिलियन लाइट्झेल यांच्या प्रेमकथेने होतो आणि कसरत बाजूलाच राहते. याविषयी कोणी लिहू शकेल काय?

उत्तर : दोरखंड

त्या प्रेमकथेविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. लाइट्झेल ही स्वतः थोर कसरतपटू होती आणि १९२८ साली तिचे आल्फ्रेडोशी लग्न झाले. फेब्रुवारी १९३१ मध्ये कोपनहेगन येथे खेळ चालू असताना तिच्या कडीचा धातूचा भाग तुटला, ती खाली कोसळली आणि दोन दिवसांनी मरण पावली. कॅलिफोर्नियात इंगलवूड येथे तिच्या स्मरणार्थ पंख असलेल्या पुरुषाने स्त्रीला मिठीत घेतल्याचे संगमरवरी शिल्प आहे, आणि पुष्कळ लेखक तिथेच हळवे होऊन लेखणी खाली ठेवतात.

त्यापुढचे मात्र वगळता येण्यासारखे नाही. आल्फ्रेडोने १९३२ साली आपल्याच संचातील व्हेरा ब्रूस हिच्याशी लग्न केले. १९३३ साली खांद्याच्या दुखापतीने त्याचे उडणे कायमचे थांबले. आणि घटस्फोटानंतर, जुलै १९३७ मध्ये, लाँग बीच येथे एका वकिलाच्या कार्यालयात त्याने व्हेरावर गोळ्या झाडल्या व नंतर स्वतःला संपवले. याला प्रेमाची शोकांतिका म्हणणे मला मान्य नाही; हा खून होता, आणि जिचा खून झाला तीही त्याच झोक्यांवर काम करणारी कलावती होती. लालोला एक ओळ मिळते अशी आपली तक्रार आहे, व्हेराला तर कित्येकदा नावाशिवायच ‘तिसरी पत्नी’ म्हणून उरकले जाते.

उत्तर : लंबक

व्हेराविषयी सहमत आहे. लालोसारख्या झेलणाऱ्यांच्या बाबतीत एक भर घालतो. चौहेरी कोलांटी प्रत्यक्ष खेळात प्रथम झाली ती १० जुलै १९८२ रोजी अ‍ॅरिझोनातील टूसॉन येथे, आणि तीही मेक्सिकोच्याच व्हाझकेझ कुटुंबाने केली. उडणारा मिगेल होता, झेलणारा त्याचा भाऊ हुआन. त्या विक्रमाच्या नोंदीत मिगेलबरोबर हुआनचेही नाव दिले जाते.