एअरबॅगचा दिवा विझतच नाही

घाटवळण:
२०१५ची हॅचबॅक, ७८ हजार किमी. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा पाच-सहा सेकंद लागून विझायचा. परवा गुहागरहून येताना कुंभार्ली घाटात तो लागला तो लागलाच. गाडी कुठे घासलीसुद्धा नाही. गॅरेजवाल्याने नुसतं काचेतून डोकावून 'स्पायरल केबल (स्टिअरिंगच्या आतली गुंडाळी वायर) गेली, नऊ हजार' सांगितलं. गाडीचे बिघाड वाचणाऱ्या माझ्या ब्लूटूथवाल्या स्कॅनरवर एकही एरर नाही. घरी काही बघता येईल?

जुनाखटारा:
हॉर्न वाजतोय? स्टिअरिंगवरची बटणं चालतायत? त्यांच्या आणि एअरबॅगच्या वायरी त्याच केबलमधून जातात. ती चालत असतील तर केबलवर नऊ हजार घालायची घाई नको. ते स्वस्त स्कॅनर बहुतेक इंजिनच्याच बिघाडाचे कोड वाचतात, एअरबॅगचे नाही. आधी पुढच्या सीटखाली टॉर्च मारा. पिवळे कनेक्टर दिसतील, ते एअरबॅगचे आणि धडकेच्या क्षणी बेल्ट आवळणाऱ्या प्रीटेन्शनरचे. हात लावण्याआधी चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि दहा मिनिटं चहा घेऊन या, कारण एअरबॅगच्या मॉड्यूलच्या (कंट्रोल युनिटच्या) कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. मल्टिमीटर अजिबात लावू नका. ओहम मोजताना मीटर स्वतः करंट सोडतो, तेवढ्याने बॅग फुटू शकते. स्टिअरिंगही घरी उघडू नका.

पेट्रोलपाणी:
माझ्या मेव्हण्याने दिव्याचा बल्बच काढलाय. कटकट नाही :)

जुनाखटारा:
त्याला सांगा, दिवा पेटलेला असताना धडक झाली तर बॅग उघडेलच असं नाही. आणि गाडी विकताना चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, की जाणकार गिऱ्हाईक तिथूनच परत फिरतं.

घाटवळण:
सापडलं! सासऱ्यांनी दिलेल्या पोत्यातला एक नारळ घरंगळत डाव्या सीटखाली गेला होता. बायकोने झोपायला सीट मागे सरकवली तेव्हा वायर त्याच्यात अडकून ताणली गेली असणार. कनेक्टर वरवर बसलेला दिसत होता, पण खटका अर्धाच लागलेला. बॅटरी सोडवून, थांबून, तो टक् वाजेपर्यंत दाबला. तरी दिवा तसाच!

जुनाखटारा:
कोड साठून राहिलाय. एअरबॅग मॉड्यूल वाचणारा स्कॅनर असलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा.

घाटवळण:
गेलो. डाव्या बेल्टच्या प्रीटेन्शनरचाच कोड निघाला. पुसायचे तीनशे घेतले. सीट चार वेळा मागेपुढे करून पाहिली, दिवा सहा सेकंदांत विझतोय. वायरीला टाय मारलाय. नारळाचं पोतं यापुढे डिकीत.